कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिकवताना

फुटबॉलच्या सामन्यात प्रशिक्षकाला हवा तेव्हा खेळ थांबवता येत नाही. कबड्डी आणि बास्केटबॉलमध्ये टाइम-आउट मिळतो, क्रिकेटमध्ये षटकागणिक उसंत मिळते. इथे मात्र ४५ मिनिटांच्या पूर्वार्धात चेंडू पायात आला की पास कुणाला द्यायचा, पुढे घुसायचे की मागे फिरायचे, हे खेळाडूलाच एका क्षणात ठरवावे लागते. त्यामुळे प्रशिक्षणाच्या प्रत्येक पद्धतीला एकच कसोटी लावावी: सरांचा आवाज पोहोचत नाही तिथे मुले काय करतात?

या पद्धतींचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगितले जातात: हुकमी, सहभागी आणि मोकळी. कुर्त लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या गटांवर केलेला अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला, तिथून ही विभागणी रूढ झाली. हुकमी नेत्याच्या हाताखाली काम भरपूर होई, पण तो खोलीबाहेर गेला की मुले हातातले काम टाकून देत. सहभागी गटात नेता नसतानाही काम बऱ्यापैकी चालू राही. फुटबॉलचा प्रशिक्षक तर सामना सुरू झाला की खोलीबाहेरच असतो.

म्हणून हुकूम अजिबात नको, असे मात्र नव्हे. सरावाची वेळ, शिनगार्ड घालणे, जखमी खेळाडूला बाहेर काढणे, पंचांशी हुज्जत न घालणे, या गोष्टींवर चर्चा होत नसते. तिसरी, मोकळी पद्धत महाविद्यालयांत फार दिसते. मैदानात चेंडू टाकायचा, दोन बाजू पाडायच्या आणि अंधार पडेपर्यंत खेळू द्यायचे. याला मुलांवरचा विश्वास म्हणणे चूक आहे. ते दुर्लक्षच असते.

भारतात बास्केटबॉल खेळलेले आणि शिकवलेले, पुढे कॅनडा व अमेरिकेत अध्यापन केलेले पी. चेल्लादुराई यांनी प्रशिक्षकाच्या वागणुकीची पाच अंगे मांडली: प्रत्यक्ष शिकवणे, खेळाडूंचे मत घेणे, स्वतः निर्णय लादणे, माणूस म्हणून आधार देणे आणि चांगल्या खेळाची दखल घेणे. त्यांचे म्हणणे असे, की खेळाडूंना काय हवे आहे आणि प्रसंग काय मागतो आहे यांच्याशी प्रशिक्षकाचे वागणे जुळले, तर खेळ आणि समाधान दोन्ही वाढतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला चेंडू कसा अडवायचा हे दाखवावे लागते. तिसऱ्या वर्षाच्या बचावपटूला तो का चुकला हे विचारले तरी पुरते.

प्रेरणेबाबत नागपूरकराला लांब जाण्याची गरज नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये, पाऊस पडत असताना, झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला, मग त्यांच्यासाठी स्पर्धा भरवल्या आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ही गोष्ट सर्वदूर पोहोचली. चित्रपट पाहून लोक गुरूने शिष्यांना घडवले असे म्हणतात आणि ते खरेच आहे. पण प्रशिक्षकाने त्यातला आधीचा भाग विसरू नये. खेळण्याची ओढ त्या बादलीभोवती आधीच होती. बारसे सरांनी तिला चेंडू, प्रतिस्पर्धी आणि सामन्याची तारीख मिळवून दिली. मुले मैदानावर येतात तेव्हा प्रेरणा सोबत घेऊनच येतात. प्रशिक्षकाचे पहिले काम ती मारून न टाकण्याचे आहे.

ती मरते कशाने? सर्वांसमक्ष केलेल्या अपमानाने, कारण न सांगता बाकावर बसवल्याने आणि चूक झाली की शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्याने. धावणे हीच शिक्षा ठरली, तर धावण्यावर उभा असलेला खेळ मुलाला कसा आवडेल? संघाबाहेर ठेवायच्या मुलाला यादी लागण्यापूर्वी बाजूला घेऊन सांगावे, काय सुधारायचे तेही सांगावे, आणि पुढच्या सरावात तेच त्याच्याकडून करून घ्यावे.

बक्षिसांबद्दल तारतम्य हवे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कामठीहून किंवा शहराच्या टोकाच्या वस्तीतून सायकलने येणाऱ्या मुलाच्या घरी त्या नोकरीचे मोल मोठे असते, तिला कमी लेखू नये. मात्र केवळ आमिषावर सराव टिकत नाही. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबताच कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. आपण सुधारतो आहोत, आपले मत विचारले जाते आणि या संघात आपण कुणाला तरी हवे आहोत, या तीन जाणिवा जास्त पुरतात.

भारतीय फुटबॉलमध्ये खेळाडूला मैदानात स्वतः निर्णय घ्यायला शिकवण्याचे सर्वांत मोठे उदाहरण हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. ते कमजोर पायानेच खेळण्याचे सामने लावत आणि ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामनेही घेत. त्यात भाषणाची गरजच उरत नाही. नियमच खेळाडूला वर मान करून सोबती शोधायला लावतो. नव्या प्रशिक्षकाने उचलावी अशी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची युक्ती आहे.

सामन्याआधीच्या जोशपूर्ण बोलण्यालाही जागा आहे. प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांचे ‘व्होकल टॉनिक’ कोलकात्यात प्रसिद्ध होते. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यापूर्वी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची जाहीर टर उडवली. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने मैदानात ४-१ असे उत्तर दिले, त्यात बायचुंग भुतियाची हॅटट्रिक होती. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखून आपला संघ पेटत नाही, समोरचा पेटतो. शिवाय हे टॉनिक रोज पाजले तर गुण देत नाही, आणि ज्याला पास देता येत नाही त्याच्या पायाला ते पास शिकवत नाही.

मध्यंतर जास्तीत जास्त १५ मिनिटांचे असते. नागपूरच्या उन्हात त्यातली पहिली काही मिनिटे पाणी आणि सावलीचीच असावीत. धापा टाकणाऱ्या मुलाला काही ऐकू जात नाही. मग कर्णधाराने आणि गोलरक्षकाने काय दिसले ते सांगावे, कारण गोलरक्षकासमोर सारे मैदान असते. शेवटी प्रशिक्षकाने दोनच सूचना द्याव्यात, त्याही करता येण्याजोग्या: डावी बाजू उघडी पडते आहे, तिथे मागे या, उंच चेंडू मारू नका. पूर्वार्धात कुणी घोडचूक केली याची उजळणी त्या वेळी करू नये, ती दुसऱ्या दिवशीच्या सरावासाठी ठेवावी.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा थोड्या दिवसांत आटोपते, काही मुले विद्यापीठ संघात निवडली जातात, बाकीची परीक्षेला लागतात. प्रशिक्षकाने निवड न झालेल्या मुलांची नावे लिहून ठेवावीत आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या सरावाला त्यांना स्वतः फोन करून बोलवावे.