जहाजावरील केबिन : पडद्यावरचा दर आणि कुटुंबाचा हिशेब

कोकणच्या आगबोटीने प्रवास केलेल्या पिढीला बोटीचे तिकीट काढणे ही कधीच अवघड गोष्ट वाटली नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर रांगेत उभे राहावे, डेकचे तिकीट घ्यावे, वळकटी पसरून जागा धरावी आणि हर्णै, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण अशी बंदरे एकामागून एक मागे टाकीत गाव गाठावे, इतका तो सरळ मामला होता. कुटुंबात माणसे पाच असोत वा पंधरा, सर्वांची सोय एकाच डेकवर होत असे.

आजचे पर्यटनजहाज, ज्याला सर्वजण क्रूझ म्हणून ओळखतात, ही वेगळीच सृष्टी आहे. अनेक मजले, शेकडो केबिन, भोजनगृहे, जलतरण तलाव आणि नाट्यगृह असलेले ते तरंगते हॉटेलच होय. भारतातही या पर्यटनाला चालना मिळत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. सिंगापूरहून निघून मलेशिया व थायलंडची बंदरे दाखवणाऱ्या सहलीही भारतीय कुटुंबांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. या सहलीचे आरक्षण घरबसल्या संगणकावर करता येते, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. तथापि कुटुंबासाठी केबिन घेऊ पाहणाऱ्याला बहुधा वेगळाच अनुभव येतो. क्षणापूर्वी दिसलेली केबिन नाहीशी होते, दर पाहता पाहता वाढतो आणि सर्व माहिती भरून झाल्यावर पडदा कोरा होतो.

या मनस्तापाचे मूळ शोधू गेल्यास त्याची तीन कारणे आढळतात. काही अडथळे जहाजाच्या नियमांतून येतात, काही व्यापाराच्या गणितातून, तर काही केवळ तांत्रिक दोषातून. तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत. कोणता अडथळा कोणत्या प्रकारचा हे ओळखता आले, तर निम्मा त्रास वाचतो आणि पैसाही वाचतो.

एक उदाहरण

समजा, इंदूरमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने आजींच्या पंचाहत्तरीनिमित्त सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची सहल ठरवली. कुटुंबात पाच माणसे : आजी, मुलगा, सून, बारा वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. आजोबा हयात नाहीत. आजींचे बालपण मालवणचे. आगबोटीच्या गोष्टी घरात सर्वांना पाठ आहेत. संकेतस्थळावर ‘प्रतिव्यक्ती रु. ४०,०००’ असा दर दिसतो. (येथील सर्व रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पिलेल्या आहेत.) पाच माणसांचे दोन लाख होतात, असा विचार करून मुलगा प्रवासीसंख्येच्या चौकटीत ‘५’ हा आकडा भरतो. उत्तर येते : ‘केबिन उपलब्ध नाही.’ आकडा बदलून ‘२’ करताच अनेक केबिन मोकळ्या दिसू लागतात. संकेतस्थळ बिघडले असावे, असा निष्कर्ष कोणीही काढील. वस्तुतः येथे संकेतस्थळाचा दोष नाही.

जहाजाचे नियम

बहुसंख्य केबिन मुळात दोन माणसांसाठी बांधलेल्या असतात. काहींमध्ये तिसऱ्या व चौथ्या प्रवाशासाठी भिंतीतून वा छतातून उघडणारी निजण्याची फळी अथवा सोफ्याचा पलंग असतो. अशा केबिन मोजक्याच असल्याने शाळांच्या सुट्टीच्या काळात त्या सर्वांत आधी संपतात. पाच माणसांची केबिन तर फारच विरळ आढळते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज लागू असलेला करार १९७४ चा असून त्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. जहाजावरील प्रत्येक माणसासाठी जीवरक्षक नौकेत वा तराफ्यात जागा असलीच पाहिजे, हे त्याचे मूलतत्त्व होय. प्रत्येक केबिनला आणीबाणीच्या वेळी जमण्याचे ठिकाण नेमून दिलेले असते आणि त्या ठिकाणाची क्षमता ठरलेली असते. ती भरत आली, की त्या भागातील केबिनमध्ये चार पलंग असूनही ती दोघांनाच दिली जाते. म्हणूनच दोघांना दिसणारी केबिन चौघांना दिसत नाही. हा अडथळा घासाघीस करून दूर होणारा नव्हे. लवकर आरक्षण करणे किंवा दोन केबिन घेणे, एवढेच त्यावर उपाय आहेत.

वयाच्या अटीही याच वर्गात मोडतात. प्रत्येक केबिनमध्ये किमान एक सज्ञान प्रवासी असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. काही कंपन्या त्यासाठी २१ वर्षे पूर्ण असण्याची अट घालतात. सहा महिन्यांखालील बाळांना व २४ आठवड्यांपलीकडील गर्भवतींना अनेक जहाजे प्रवेश देत नाहीत. या अटी पैसे भरण्यापूर्वी वाचणे हिताचे असते. बंदरावर पोहोचल्यानंतर त्या कळल्या तर उपयोग नसतो.

व्यापाराचे गणित

दुसऱ्या प्रकारचे अडथळे दराच्या मांडणीत दडलेले असतात. जाहिरातीतील प्रतिव्यक्ती दर हा एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून दिलेला असतो. एकच प्रवासी राहिल्यास त्याला बहुधा अधिभार द्यावा लागतो आणि कित्येकदा त्यासह एकूण भाडे दोघांच्या भाड्याइतके भरते. याउलट त्याच केबिनमधील तिसऱ्या व चौथ्या प्रवाशाचे भाडे सामान्यतः कमी असते. त्यामुळे पाच माणसांना दोन केबिनमध्ये कसे विभागावे, यावर एकूण रक्कम ठरते.

वरील कुटुंबाचाच हिशेब पाहावा. आजींना निवांतपणा मिळावा म्हणून त्यांना स्वतंत्र केबिन दिली, तर त्यांच्या एकटीचे भाडे रु. ८०,००० होईल. उरलेल्या चौघांपैकी दोघांचे रु. ८०,००० आणि दोन मुलांचे प्रत्येकी रु. २०,००० धरल्यास त्या केबिनचे रु. १,२०,००० होतील. एकूण भाडे रु. २,००,०००. आता नातीने आजींसोबत राहावयाचे ठरवले, तर आजी-नातीच्या केबिनचे रु. ८०,००० आणि आई, वडील व नातवाच्या केबिनचे रु. १,००,००० होतील. एकूण रु. १,८०,०००. वीस हजार रुपये तर वाचलेच. शिवाय अनोळखी जहाजावर रात्री आजींजवळ घरचे माणूस राहिले. संकेतस्थळ ही विभागणी आपण होऊन सुचवत नाही. ती कुटुंबालाच करून पाहावी लागते.

मात्र हिशेब येथे संपत नाही. बंदरशुल्क व कर प्रतिव्यक्ती रु. ८,००० धरल्यास पाच जणांचे रु. ४०,००० होतात. जहाजावरील सेवकवर्गासाठीची बक्षिसी अनेक कंपन्या प्रतिव्यक्ती, प्रतिरात्र आकारतात आणि तीत लहान मुलेही मोजली जातात. ती प्रतिरात्र रु. १,५०० धरली, तर चार रात्रींचे रु. ३०,००० होतात. म्हणजे एकूण खर्च रु. २,५०,००० झाला. विमानभाडे, व्हिसा, विमा, इंटरनेट, पेये आणि बंदरावरील सहली यांचा त्यात समावेश नाही. यास्तव दोन संकेतस्थळांची तुलना करताना पहिल्या पानावरील दर न पाहता पैसे भरण्यापूर्वीच्या शेवटच्या पानावरील एकूण रक्कम पाहावी.

परदेशी सहलीचे पॅकेज भारतातील संस्थेकडून घेतल्यास उगमस्थानी गोळा होणारा कर, म्हणजे टीसीएस, भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या या तरतुदीचे दर व मर्यादा नंतर एकाहून अधिक वेळा बदलल्या आहेत. म्हणून आरक्षणाच्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्यावा. ही रक्कम वाया जात नाही. आयकर विवरणपत्रात ती देय कराविरुद्ध वळती करता येते अथवा तिचा परतावा मागता येतो. तरी सहलीच्या वेळी तेवढे पैसे हाताशी असावे लागतात.

केबिनची निवड

सर्वांत कमी दराच्या केबिनमध्ये पुष्कळदा केबिन क्रमांक निवडण्याचा हक्क नसतो. कंपनी आपल्या सोयीने क्रमांक देते. एकट्यादुकट्या प्रवाशाला हे चालू शकेल. पण दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत आजी तिसऱ्या मजल्यावर आणि मुलगा नवव्या मजल्यावर, असा प्रकार घडू शकतो. केबिन जवळजवळ हव्या असतील, तर थोडे अधिक भाडे देऊन क्रमांक निवडणे श्रेयस्कर.

‘शेजारची’ आणि ‘जोडलेली’ या दोन शब्दांतील भेदही ध्यानात ठेवावा. शेजारच्या केबिनची केवळ भिंत सामाईक असते. जोडलेल्या केबिनमध्ये आतून उघडणारे दार असते. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असल्यास हे दार फार उपयोगी पडते. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा संकेतस्थळावर असतो, तो अवश्य पाहावा. जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. नृत्यगृहाच्या थेट खालची केबिन रात्री उशिरापर्यंत गोंगाटाची ठरू शकते. ‘दृश्यात अडथळा’ असा शेरा असल्यास खिडकीसमोर बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली असते.

पैसे भरताना

तिसरा प्रकार तांत्रिक अडथळ्यांचा. निवडलेली केबिन संकेतस्थळ काही मिनिटांपुरतीच राखून ठेवते. तेवढ्यात पाच जणांची माहिती भरणे, कार्ड शोधणे आणि ओटीपी येणे हे सर्व व्हावे लागते. मुदत टळली की केबिन पुन्हा विक्रीस जाते. म्हणून सर्वांची नावे, जन्मतारखा आणि पासपोर्ट क्रमांक आधीच एका कागदावर लिहून ठेवावेत.

कार्डाचीही पूर्वतयारी करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० मधील सूचनेनुसार नवी कार्डे सुरुवातीस केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानांतील यंत्रांपुरतीच चालू असतात. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचा असतो. बँकेच्या ॲपवर ही सोय तसेच खर्चाची मर्यादा आदल्या दिवशीच तपासावी आणि काम झाल्यावर आंतरराष्ट्रीय वापर पुन्हा बंद करावा. रक्कम डॉलरमध्ये असल्यास विनिमयदराखेरीज बँकेचे परकीय चलन शुल्कही लागते, हेही हिशेबात धरावे.

खात्यातून रक्कम वजा झाली, पण आरक्षणाचा क्रमांक आला नाही, तर काय करावे? येथेच बहुतेकांची चूक होते. घाईघाईने पुन्हा पैसे भरले जातात आणि दोनदा रक्कम अडकते. अशा वेळी प्रथम खात्याचे विवरण व ई-मेल पाहावा, पडद्याचे चित्र जतन करावे आणि कंपनीकडे चौकशी करावी. व्यवहार देशांतर्गत असेल आणि कंपनीकडे त्याची निश्चिती पोहोचली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढील विलंबासाठी दररोज रु. १०० इतकी भरपाई ग्राहकाला मिळावयास हवी. परदेशी कंपनीशी झालेल्या व्यवहाराला हा नियम लागू नाही. तेथे कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराबाबत रीतसर हरकत नोंदवावी.

अडचणीत सापडलेला ग्राहक शोधयंत्रावर मदत क्रमांक शोधू लागतो आणि तेथेच भामटे टपलेले असतात. मदत क्रमांक कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. परतावा मिळवण्यासाठी ओटीपी सांगण्याची वा मोबाइलचा पडदा कोणास दाखवण्याची गरज कधीही नसते. फसवणूक झाल्यास विलंब न लावता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

नाव आणि पासपोर्ट

आरक्षणातील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावे लागते. मराठी नामपद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. अर्जात मात्र कित्येकदा दोनच चौकटी असतात. पासपोर्टवर नाव ज्या प्रकारे विभागले आहे, त्याच प्रकारे ते भरावे. विवाहानंतर नाव बदलले असून पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर आरक्षणही त्याच नावाने करावे.

प्रवासानंतर किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणारे जहाज मधल्या काळात त्या देशाबाहेर जाते. त्यामुळे परतताना प्रवेश नव्याने होतो आणि व्हिसा त्यास अनुरूप असावा लागतो. दोन केबिनचे दोन आरक्षण क्रमांक आले असल्यास ती परस्परांशी जोडून घेण्याची विनंती कंपनीला करावी, म्हणजे भोजनाची वेळ व टेबल एकच मिळणे सोपे जाते. रद्द करण्याचे नियमही आधी वाचावेत, कारण प्रवासाची तारीख जवळ येईल तशी परत मिळणारी रक्कम घटत जाते.

इंदूरच्या त्या कुटुंबाने हे सारे जाणून घेतले, तर त्याचा मार्ग सरळ होतो. पाच माणसांची एक केबिन शोधण्यात संध्याकाळ न घालवता ते जोडलेल्या दोन केबिन निवडील, आजी-नातीला एकीत ठेवील, शेवटच्या पानावरील रक्कम पाहील आणि कार्डाची सोय झाल्यावरच पैसे भरील. नियमापुढे संयम, दरापुढे हिशेब आणि तांत्रिक दोषापुढे आपल्या हक्कांची माहिती, ही शिदोरी घेऊन जो आरक्षणाला बसतो, त्याचा प्रवास सुखाचा होतो. मग मालवणच्या आगबोटीची गोष्ट आजी नातीला पुन्हा सांगू शकतील, आणि या वेळी ती समुद्राकडे पाहत सांगता येईल.