नव्या औषधाची कसोटी

पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे एखाद्या इंद्रियात जी गाठ निर्माण होते, तिला घन अर्बुद म्हणतात. कर्करोगाचे अर्बुद फैलावले आणि शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांनी ते समूळ नाहीसे करणे अशक्य झाले, म्हणजे औषध हाच मुख्य आधार उरतो. परंतु नवे औषध गुणकारी आहे, हे ठरवावयाचे कसे?

त्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीत मोजक्या रोग्यांना अल्प मात्रा देऊन ती बेताबेताने वाढवितात व शरीरास किती सोसते, हे पाहतात. दुसरीत अर्बुदे आकसतात काय, हे मोजतात. तिसरीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोग्यांचे दोन गट पाडून त्यांची तुलना करतात. ही निवड वैद्याच्या मर्जीवर ठेवली, तर सशक्त रोगी एकाच गटात जमण्याचा संभव असतो. मग औषधाचा गुण कोणता व प्रकृतीचा कोणता, हे कळत नाही. प्रत्येक रोग्यास आधी सर्व धोके समजावून त्याची संमती घ्यावी लागते, आणि केव्हाही माघार घेण्याची त्यास मुभा असते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी एक कसोटी झाली. निवोलुमॅब हे औषध कर्कपेशींना स्वतः मारीत नाही. शरीराच्या संरक्षक टी-पेशींना पडलेला लगाम ते सैल करते. त्याची एक प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम आहे. हे औषध फार महाग असल्याने, मुंबईतील असो वा दूर भिलाईच्या रुआबांध्यातील असो, सामान्य कुटुंबास तो खर्च झेपत नाही. म्हणून डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष व त्यांचे सहकारी यांनी दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले.

डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रोगी निवडण्यात आले. सर्वांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब ही औषधे दिली. त्यांपैकी ७६ जणांना निवोलुमॅबही दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एक वर्ष जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १६.३, तर निवोलुमॅबच्या गटात ४३.४ होते. गंभीर उपद्रवही वाढले नाहीत.

मात्र अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. कारण तशी तुलना येथे केलेलीच नव्हती. शिवाय चांगल्या गटातीलही निम्म्याहून अधिक रोगी वर्षभरात दगावले. या रोग्यांनी दिलेल्या संमतीमुळेच त्यांच्यामागून येणाऱ्यांना उपचाराची एक परवडणारी वाट खुली झाली.