मथळे, संदर्भ आणि सूची

संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ साली वाराणसी येथे पूर्ण केली. तिच्या नकला झाल्या, पुढे ती छापली गेली आणि प्रतीगणिक पृष्ठे बदलली. तरीही अध्याय व ओवी यांचे क्रमांक दिले की वाचकास इष्ट स्थळ सहसा सापडते. कारण ते क्रमांक पृष्ठाशी नव्हे, मजकुराशी निगडित असतात.

वर्ड प्रोसेसरमध्येही हेच तत्त्व योजिलेले आहे. समजा, आपण ‘आकृती ५ पाहा’ असे हाताने लिहिले आणि मागाहून आरंभी एक आकृती वाढविली. पाचवी आकृती आता सहावी झाली. वाचक मात्र भलत्याच आकृतीकडे जाईल. म्हणून आकृतीच्या मथळ्यातील क्रमांक संगणकाकडूनच घालवून घ्यावा व संदर्भ त्या मथळ्याशी जोडावा. सूचीतील शब्दावर तो जेथे आला असेल तेथेच खूण करावी. पृष्ठांक संगणक गोळा करतो. अखेरीस सर्व मजकूर निवडून क्रमांक व सूची अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. ती विसरल्यास जुनेच आकडे छापले जाण्याचा संभव असतो.

सूचीत कोणते शब्द घ्यावेत, हे मात्र संपादकानेच ठरवावयाचे असते. ‘काशी’ किंवा ‘बनारस’ शोधणाऱ्यास ‘वाराणसी’कडे वळविणारी नोंद करणे हे त्याचेच काम होय.