खर्जाचें पाठांतर

“पुढचें पाठ, मागचें सपाट” ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांस चांगली ठाऊक आहे. कारण परीक्षेच्या सुमारास ती घरीं व शाळेंत त्यांस वारंवार ऐकावी लागते. परंतु पाठ केलेलें सपाट कां होतें, याचा विचार करण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं. आम्हींही पुष्कळ वर्षें घेतले नव्हते. तो प्रसंग आमच्यावर एका बेस गिटारीनें आणिला. ती हकीगत व तिच्यांतून आम्हीं घेतलेला धडा विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम या वाद्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. साध्या गिटारीस सहा तारा असतात. बेस गिटारीस बहुधा चारच, पण त्या जाड व लांब. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून त्या बरोबर एक सप्तक खालीं लावितात. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर, सर्वांत जाड तारेपासून आरंभ केल्यास त्या अनुक्रमें पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन व पांढरी पांच अशा लागतात. जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. इतका हा स्वर खर्जांतला आहे. पूर्वीं हें काम डबल बेस नांवाचें, माणसाएवढें उंच व पडदे नसलेलें वाद्य उभें राहून वाजविणारे करीत. १९५१ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं लिओ फेंडर यांनीं विजेवर चालणारी, गळ्यांत अडकवितां येणारी बेस गिटार बाजारांत आणिली. तिच्या दांडीवर धातूचे पक्के पडदे असल्यामुळें स्वर नेमक्या जागीं सांपडे. म्हणूनच तिला “प्रिसिजन”, म्हणजे अचूक, असें नांव मिळालें.

या वाद्याचें काम कोणतें? पाश्चात्य पद्धतीच्या गाण्यांत गायकाच्या सुरावटीखालीं अनेक स्वरांचा एक मेळ, ज्यास कॉर्ड म्हणतात तो, चाललेला असतो व तो ठराविक जागीं बदलतो. प्रत्येक मेळाचा जो मूळ स्वर, तो समेवर खर्जांत ठेवणें, हें बेस गिटारीचें मुख्य कर्तव्य. श्रोत्यांचें लक्ष तिच्याकडे क्वचितच जातें. घराचा पाया कोणी पाहावयास येत नाहीं. पण तो खचला म्हणजे सर्वांस कळतें.

कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनाकरितां मुलांनीं एक इंग्रजी गीत बसविलें होतें. नववींतील एका मुलाकडे बेस गिटार आली. मोबाईलवर एका वादकाचीं बोटें पाहून, कोणती तार, कोणता पडदा, असें एकेक टिपून तो पाठ करूं लागला. “सर, ध्यानांत राहात नाहीं,” असें त्यानें आम्हांस सांगितलें, तेव्हां आम्हीं शिक्षकी थाटानें उत्तर दिलें, “पन्नास वेळां वाजव, म्हणजे राहील.” मुलगा आज्ञाधारक. त्यानें पन्नास वेळां वाजविलें, आणि डोळे मिटून सर्व गीत वाजवूं लागला. आम्हांस धन्यता वाटली.

संमेलनाच्या दिवशीं गाणाऱ्या मुलीचा घसा बसला. गीत पांढरी पांचमध्यें बसविलें होतें. तें पांढरी चारमध्यें, म्हणजे दोन पडदे खालीं, घ्यावें असें ठरलें. आमच्या विद्यार्थ्यानें हात दोन पडदे मागें घेतला. आठ आवर्तनें बिनचूक गेलीं. नवव्या आवर्तनांत त्याच्या पाठांतराप्रमाणें “तिसरी तार मोकळी” असें होतें; त्यानें ती छेडली. मोकळी तार मागें सरकविण्यास जागाच नसते! पंचमाच्या जागीं धैवत वाजला, मुलगी चपापली, आणि मुलगा जो थांबला तो शेवटपर्यंत पुन्हां वाजवूं शकला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो वाद्य परत करावयास आला. वडिलांनीं सांगितलें होतें, याला पाठांतर मुळींच नाहीं. हा नाद सोडून अभ्यासाकडे लक्ष द्यावें. मुलाचीही तीच खात्री झाली होती. आम्हीं त्यास विचारलें, “ज्या ठिकाणीं तूं चुकलास, तेथें कोणता स्वर होता?”

“तिसरी तार मोकळी,” तो म्हणाला.

“ती तार झाली. गाण्याचा तो कोणता स्वर?”

यास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. आणि त्याच क्षणीं आम्हांस कळून आलें कीं, दोष त्याच्या स्मृतीचा नसून आमच्या उपदेशाचा होता. त्यानें बोटें पाठ केलीं होतीं. गाणें कोणीं त्यास शिकविलेंच नव्हतें. “वाद्य आठ दिवस ठेव, आणि रोज शाळा सुटल्यावर आमच्याकडे येत जा,” असें सांगून आम्हीं त्याच्याबरोबर प्रथमपासून आरंभ केला.

तें गीत बारा आवर्तनांच्या साच्याचें होतें. हा साचा अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय लोकांच्या ब्लूज गीतांतून आलेला असून पुढें असंख्य गीतांस लागू झाला आहे. प्रत्येक आवर्तन चार मात्रांचें. म्हणजे एका फेरींत अठ्ठेचाळीस मात्रा. मुलानें दर मात्रेस एक याप्रमाणें हे अठ्ठेचाळीस आघात सुटे सुटे पाठ केले होते. आतां याच फेरीकडे मूळ स्वरांच्या दृष्टीनें पाहूं. पहिलीं चार आवर्तनें षड्ज. पुढें दोन मध्यम, दोन षड्ज. शेवटीं एक पंचम, एक मध्यम व दोन षड्ज. म्हणजे चार चार आवर्तनांच्या तीनच ओळी झाल्या:

सा सा सा सा
म म सा सा
प म सा सा

अठ्ठेचाळीस गोष्टींच्या तीन झाल्या. यांत जादू नाहीं. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं दाखविलें कीं, मनुष्य एका वेळीं सुमारें सातच सुट्या गोष्टी मनांत धरूं शकतो. २००१ सालीं नेल्सन कॉवन यांनीं तर ही संख्या चाराच्या जवळपास आणिली. पण “गोष्ट” केवढी असावी यास बंधन नाहीं. अनेक स्वरांची एक ओळ बांधली कीं, ती ओळ हीच एक गोष्ट होते. मुठींत सुटे मणी थोडेच मावतात. माळ ओवली म्हणजे सर्व मणी एका बोटावर राहतात.

आतां हे तीन स्वर वाद्यावर कोठें आहेत तें पाहा. शेजारच्या दोन तारांमध्यें सा-म एवढें अंतर असल्यामुळें, एका तारेवर ज्या पडद्यावर षड्ज धरिला, त्याच पडद्यावर शेजारच्या बारीक तारेवर मध्यम असतो. आणि त्याच तारेवर दोन पडदे पुढें पंचम. पांढरी पांचमध्यें गावयाचें तर जाड तारेचा तिसरा पडदा षड्ज, शेजारच्या तारेचा तिसरा मध्यम व पांचवा पंचम. पांढरी चारमध्यें तेच पहिला, पहिला व तिसरा. आकृति एकच, केवळ हात सरकतो. आमच्या विद्यार्थ्यास हें उमगतांच तो कपाळावर हात मारून म्हणाला, “सर, म्हणजे तेव्हां मला दुसरी तारच सोडावयाची नव्हती!” तिसऱ्या दिवशीं आम्ही पेटीवर कोणताही सूर देत होतों व तो त्या सुरापासून तीच फेरी वाजवीत होता.

ही युक्ति आमची आहे असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकमंडळींतील नील मॅथ्यूज यांनीं मेळांस स्वरांच्या नांवांऐवजीं एक, चार, पांच असे आंकडे देण्याचा प्रघात पाडला. चार्ली मॅकॉय इत्यादि वादकांनीं तो पुढें वाढविला. गायकास पट्टी बदलावयाची असली तरी आंकडे तेच राहात, त्यामुळें कागद पुन्हां लिहावा लागत नसे. त्याच्याही शंभर वर्षें आधीं इंग्लंडांत जॉन कर्वेन या धर्मोपदेशकांनीं, सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीच्या आधारें, टॉनिक सोल-फा ही सरकत्या षड्जाची रीत प्रचारांत आणिली. आम्हीही लहानपणीं भजनमंडळींत खालचा आवाज याच रीतीनें शिकलों. आणि आपल्याकडील सारेगम तरी दुसरें काय आहे? आमच्या देशांतील गवई षड्ज कोठेंही धरितो व राग तोच राहतो. घरीं असलेलें धन विसरून आम्हीं मुलास पडद्यांचे आंकडे घोकावयास लाविलें, याची आम्हांस आजही लाज वाटते.

गीत समजलें म्हणजे आपोआप पाठ होतें काय? नाहीं. आवृत्ति हवीच, पण तिचीही रीत आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानानें निरर्थक अक्षरें स्वतः पाठ करून १८८५ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यास आढळलें कीं, विसर पहिल्या कांहीं तासांतच सर्वांत अधिक पडतो, पुढें तो मंदावतो. एकाच दिवशीं पुष्कळ आवृत्त्या करण्यापेक्षां त्या निरनिराळ्या दिवसांवर वांटल्यास थोड्या पुरतात. आणि अर्थयुक्त काव्य पाठ करण्यास निरर्थक अक्षरांच्या सुमारें एकदशांश श्रम लागतात. पुढें २००६ सालीं रोडिगर व कार्पिक यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. कांहींनीं उतारा पुन्हां पुन्हां वाचिला; कांहींनीं तो मिटून आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढें गेले. म्हणजे वाचणें हें पेरणें आणि आठवणें हें मुळें धरणें होय.

या सर्वांवरून आम्हीं मुलांकरितां जो क्रम ठरविला तो असा:

पहिली गोष्ट, वाद्य हातीं न घेतां गीत तीनचार वेळां ऐकावें व आवर्तनें बोटांवर मोजावीं. आरंभीचें वादन किती, कडवें किती, ध्रुपद किती वेळां, हें एका लहान कागदावर लिहावें. कागद एकच असावा. दोन लागले तर गीत अजून समजलें नाहीं.

दुसरी, खालचा स्वर तोंडानें गावा. जें गातां येत नाहीं तें बोटें फार दिवस सांभाळीत नाहींत.

तिसरी, प्रथम केवळ मूळ स्वर समेवर ठेवून सर्व गीत वाजवावें. भिंती उभ्या राहिल्यावर रंग द्यावा. एका स्वरावरून दुसऱ्यावर नेणारे मधले स्वर व अलंकार नंतर घालावे.

चौथी, कागद मिटून वाजवावें. अडल्यास लगेच कागद उघडूं नये. क्षणभर आठवावें, मग पाहावें. हें दुसऱ्या दिवशीं, चार दिवसांनीं व आठवड्यानें पुन्हां करावें.

पांचवी, दर वेळीं आरंभापासून वाजवूं नये. दुसऱ्या कडव्यापासून, ध्रुपदापासून, कोठूनही सुरुवात करावी. बोटांची स्मृति ही उताराच्या गाड्यासारखी असते. वरून सोडली तर धांवते, मध्येंच थांबली तर हलत नाहीं.

सहावी, एकदां तरी पट्टी बदलून वाजवावें. यासारखी दुसरी परीक्षा नाहीं.

सातवी, चूक झाली तर थांबूं नये. पुढची सम गांठावी व तेथें मूळ स्वर ठेवावा. चुकलेला एक स्वर श्रोते विसरतात. थांबलेला पाया गायकास घेऊन बुडतो.

आतां पालकांस दोन शब्द. मूल म्हणतें “ध्यानांत राहात नाहीं,” तेव्हां त्यास स्मृति नाहीं असा निकाल देण्यापूर्वीं, त्यानें काय पाठ केलें आहे, माळ कीं सुटे मणी, हें पाहावें. भूमितीचा सिद्धांत आकृतींतील अक्षरांसकट घोकणारा मुलगा अक्षरें बदलतांच अडतो. तो आमच्या वादकाचाच भाऊ होय. त्यास आणखी पन्नास आवृत्त्या सांगणें सोपें आहे, आम्हींही तेंच सांगितलें होतें. पुस्तक मिटून “यांतला षड्ज कोणता?” असें विचारणें थोडें कठीण आहे, पण त्यांत मुलाचें हित आहे.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आठ दिवसांची मुदत वाढवून वर्षाची केली. पुढच्या संमेलनांत तो पुन्हां उभा राहिला. त्या दिवशीं कोणाचा घसा बसला नाहीं, पट्टीही बदलली नाहीं, आणि खालच्या स्वराची प्रशंसा कोणींच केली नाहीं. गाण्याची मात्र सर्वांनीं केली. घरीं जातांना तो आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, आज बदलली असती तरी चाललें असतें.”