धूर, वाफ आणि आपली छाती

उन्हाळा लागला कीं भोकर-किनवटच्या रानांत तेंदूचीं पानें तोडण्याचा हंगाम येतो. याच पानांत तंबाखू वळून विडी होते. पानें तोडणाऱ्या श्रमिकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ती पेटविल्यावर छातींत काय जातें व त्याचा धोका कसा मोजावा, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलें पाहिजे.

श्वासावाटे आंत जाणाऱ्या कोणत्याही द्रव्याविषयीं चार प्रश्न विचारावे: द्रव्य कोणतें? किती? किती काळ? आणि कोणाच्या शरीरांत?

पहिला प्रश्न द्रव्याचा. तंबाखूच्या धुरांत ७,००० हून अधिक रसायनें असून त्यांपैकीं निदान ६९ कर्करोगास कारण होतात. निकोटीन व्यसन जडवितें. डांबर फुप्फुसांत सांचतें. कार्बन मोनॉक्साइड वायु रक्तांतील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षां सुमारें २०० पट अधिक घट्ट चिकटतो, म्हणून हृदयास प्राणवायु अपुरा पडतो. विडी लहान, सबब ती सौम्य, हा समज खोटा आहे. ती विझूं नये म्हणून ओढणारा वरचेवर झुरके घेतो, आणि विष सिगारेटीहून कमी तर नाहींच, बहुधा अधिकच आंत जातें.

आतां विजेवर चालणारी ई-सिगारेट, म्हणजे व्हेप. तींत कांहीं जळत नाहीं. त्यामुळें डांबर व कार्बन मोनॉक्साइड फारच कमी, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कमी विषारी म्हणजे निर्विष नव्हे. जिला वाफ म्हणतात ती वस्तुतः सूक्ष्म थेंबांचा फवारा होय. तींतील प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन फार तापलीं म्हणजे फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन उत्पन्न होतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत बरणींतील बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्यें टिकवितात, त्यांतील द्रव्य तें हेंच! जें पोटास चालतें तें फुप्फुसास चालतेंच असें नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंत व्हेपमुळें फुप्फुसविकाराची सांथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यु नोंदले गेले. बहुतेकांनीं गांजाचा अर्क ओढला होता, व त्यांत मिसळलेलें व्हिटॅमिन ई ॲसिटेट हें मुख्य कारण ठरलें.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. “दिवसाकाठीं एकच ओढतों,” असें पुष्कळ म्हणतात. त्रैराशिकानें पाहतां वीस सिगारेटींच्या मानानें एकीचा धोका विसावा भाग असावा. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें हृदयविकाराचा वाढीव धोका एका सिगारेटीनेंही जवळजवळ निम्मा पदरीं पडतो. येथें त्रैराशिक चालत नाहीं!

तिसरा प्रश्न काळाचा. कर्करोग वर्षानुवर्षें दबून राहतो. आज खोकला नाहीं म्हणून उद्यांची हमी नाहीं. उलटपक्षीं, जितक्या लौकर सोडावें तितका लाभ अधिक.

चौथा प्रश्न शरीराचा. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते, म्हणून कोवळ्या वयांत निकोटीनची पकड अधिक घट्ट बसते. आणि पालकहो, ओसरीवर ओढलेल्या विडीचा धूर पाळण्यांतील बाळही घेतें. त्यास तर नको म्हणण्याचीही सोय नाहीं.

२००३ च्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांस, तसेंच शाळेपासून १०० यार्डांच्या आंत, तंबाखूचे पदार्थ विकण्यास मनाई आहे; २०१९ च्या कायद्यानें ई-सिगारेटीची विक्री देशभर बंद झाली. तथापि कायदा दुकानाच्या दारापर्यंतच पोहोंचतो. मित्रानें हात पुढें केला असतां हे चार प्रश्न ज्याचे त्यानेंच विचारावयाचे असतात.