हिपॅटायटिस बी : विषाणूचे वाण आणि त्याचा देहातील मुक्काम

व्यापारी मंडळांच्या रक्तदान शिबिरानंतर एखाद्या सभासदास रक्तपेढीकडून निरोप येतो की, आपल्या रक्तात हिपॅटायटिस बी या विषाणूचे चिन्ह आढळले आहे. गृहस्थ धडधाकट, जन्मात कावीळ झाल्याचे स्मरत नाही. मग कुजबुज सुरू होते. घरात त्याचे ताट-पेला निराळा होतो आणि त्याच्या चारित्र्याविषयी नाही नाही ते तर्क चालतात. हे तर्क बहुधा निराधार असतात, एवढे वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून हा विषय घेतला आहे. आम्ही वैद्य नव्हे. धान्याच्या पेढीवर हयात गेलेले मॅट्रिक गृहस्थ आहोत. तेव्हा दृष्टांत आमच्या वखारीतलेच येतील.

गव्हातील सोंडकिडा दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालतो व छिद्र बुजवून टाकतो. वरून कितीही पाखडा, आतली अळी हाती लागत नाही. या विषाणूची रीत तशीच आहे. यकृताच्या पेशीत शिरल्यावर त्याचा जनुकीय धागा पेशीच्या केंद्रकात जाऊन बंद कड्याचे रूप घेतो व तेथे ठाण मांडतो. टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर ही हल्लीची औषधे नव्या विषाणूंची पैदास रोखतात. पण ते कडे त्यांना मोडता येत नाही. सबब औषध बहुधा वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

मग पुष्कळ लोक आपोआप बरे होतात ते कसे? विषाणू स्वतः पेशी मारीत नाही. शरीराचे रक्षक दल बाधित पेशी ओळखून त्यांचा नाश करते. कावीळ दिसते ती या झुंजीमुळे. प्रौढाचे दल जाणते असते, म्हणून शंभरांत पाचांहूनही कमी प्रौढांत बाधा कायमची राहते. नवजात अर्भकाचे दल कोवळे. ते या परक्याला घरचाच समजून स्वस्थ बसते. बाधित मातेकडून जन्मवेळी लागण झालेल्या व लस न मिळालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वदांत विषाणू ठाण मांडून राहतो. चाळिशीतल्या वाहकाच्या अंगी तो बहुधा पाळण्यातच किंवा बाळपणी घरात आलेला असतो, तो यामुळे.

आता वाणांविषयी. गहू एकच, पण खपली निराळा, शरबती निराळा. तसे या विषाणूचे ‘ए’पासून ‘जे’पर्यंत दहा वाण सांगतात, शेवटच्या दोहोंविषयी मतभेद आहेत. त्याच्या जनुकीय मजकुरात जेमतेम ३,२०० अक्षरे. त्यांत आठ टक्क्यांहून अधिक अंतर पडले की वाण निराळा मानतात. आपल्याकडे ‘डी’ व ‘ए’ मुख्य, पूर्वभारतात ‘सी’ही आढळतो. वाणाने काय बिघडते? अलास्कातील मूळ रहिवाशांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत मोठा बोलका आहे. विषाणूच्या जोमदार वाढीची खूण असलेले ‘ई’ प्रतिजन इतर वाणांच्या निम्म्या रुग्णांत विशीच्या आत नाहीसे झाले होते. ‘सी’ वाणात तितक्यांत ते जाण्यास वयाची जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे लागली. म्हणजे स्त्रीचा प्रसूतीचा सारा काळ रक्तात विषाणू विपुल, आणि तोच लेकराला मिळण्याचा धोका मोठा. एका पिढीतला मुक्काम दुसऱ्या पिढीत जातो तो असा.

वाण कोणताही असो, लस एकच चालते. पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आत टोचावी लागते. बाधित मातेच्या बालकास तिच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. आपल्या देशात २०११ पासून ही लस सर्वत्र सरकारी कार्यक्रमात आहे. प्रसूतिगृहात बारशाची बोलणी निघण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी तिची चौकशी करावी.

एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही. वस्तरा व दात घासण्याचा ब्रश मात्र निराळा हवा. वाहकाच्या पत्नीने, भावंडांनी, मुलांनी रक्त तपासून घ्यावे. वाहकाने यकृताची तपासणी नियमित ठेवावी, मद्य वर्ज्य करावे, आणि बुरशी आलेला शेंगदाणा किंवा मका तोंडी घालू नये. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन नावाचे विष व हा विषाणू एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. भिजलेल्या पोत्यातला माल वाळवून, चांगल्या मालात मिसळून विकणाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.