जपानी शाळकरी मुलींना खलाशी कॉलर कशी आली?

प्रश्न : जपानी कार्टूनमधल्या शाळकरी मुलींच्या गणवेशाला खलाशांसारखी चौकोनी कॉलर का असते? परंपरा जपणाऱ्या त्या देशात किमोनो कुठे गेला?

उत्तर : किमोनो इतक्या सहजासहजी गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेजी काळात, सगळा जपान एकदम पाश्चात्त्य कपड्यांत शिरला असं आपण समजतो, पण शिरले ते मुख्यतः पुरुष. 1871 मध्ये पुरुषांना शेंडी कापायला मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी तोक्योत बायकांना मात्र आखूड केस ठेवायला बंदी झाली. कचेरीतल्या पुरुषानं कोट घालायचा आणि परंपरा सांभाळायची बाईनं, अशी ती वाटणी होती. 1925 मध्ये कोन वाजिरो या संशोधकानं तोक्योच्या गिंझा रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे मोजले. पाश्चात्त्य पोशाखात पुरुष शंभरात 67 निघाले, बाई जेमतेम एक!

अडचण झाली ती मुलींच्या शाळांत. किमोनोत धावलं की पुढची पाती सुटतात आणि रुंद कंबरपट्टा छाती आवळतो. मुलींनी पुरुषांचा हाकामा, म्हणजे सैल विजार, चढवून पाहिला, तर ‘पुरुषी’ म्हणून ओरड झाली. शिमोदा उताको या शिक्षिकेनं त्याला घागऱ्यासारखं रूप दिलं आणि ती ओरड शमली. पुढे अमेरिकेत व्यायामशिक्षण शिकून आलेल्या इनोकुची आकुरी यांनी कवायतीसाठी सैल पोशाखाचा आग्रह धरला. तसा सैल खलाशी पोशाख युरोप-अमेरिकेत तेव्हा मुलांच्या रोजच्या वापरात होता. 1920च्या सुमारास काही मिशनरी शाळांनी तो गणवेश म्हणून घेतला. फुकुओकातल्या शाळेत अमेरिकन मुख्याध्यापिका एलिझाबेथ ली यांनी तो 1921 मध्ये आणला. म्हणजे आज निव्वळ गोंडस वाटणारी ही कॉलर मुलींना मोकळेपणानं हातपाय हलवता यावेत म्हणून आली.

पण त्यातून स्त्रियांना स्वातंत्र्य मिळालं, असं समजू नका. शाळांचं ध्येय ‘र्योसाई केन्बो’, म्हणजे चांगली पत्नी आणि सुज्ञ माता घडवणं, हेच राहिलं. शाळेनं दिलेला स्कर्ट चालत होता. आपल्या मर्जीनं स्कर्ट घालून, केस कापून गिंझावर फिरणाऱ्या ‘मोगा’ला, म्हणजे मॉडर्न गर्लला, वर्तमानपत्रं झोडपत होती. माझ्या मते खरा वाद कापडाचा नव्हताच, कपडे कोण ठरवणार याचा होता. म्हणून तर 1970च्या दशकात बंडखोर मुलींनी तोच स्कर्ट घोट्यापर्यंत लांबवला आणि 1990च्या दशकात त्यांच्या मागून आलेल्यांनी गुडघ्याच्या बराच वर नेला.

अलीकडे काही शाळांनी हा निर्णय मुलांवरच सोडला आहे. चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात 2018 मध्ये सुरू झालेल्या एका शाळेत पँट की स्कर्ट, हे प्रत्येकानं स्वतः निवडायचं असतं. वर असतो ब्लेझर. तो बऱ्याच शाळांनी स्वीकारल्यामुळे तुम्हाला कार्टूनमध्ये दिसते ती कॉलर तिथल्या रस्त्यांवर आता पूर्वीइतकी दिसत नाही.